बिनआसाची गाडी

"आस कुठाय हिचा?"

अण्णांनी शेडच्या दारात चपला काढता काढताच विचारलं. आमच्या शेडमधे देवळासारख्या चपला काढून येणारा तो जगातला एकटाच माणूस. समोर दोन टेकूंवर मी नव्या गाडीची चासी ठेवली होती, आणि शेजारी जमिनीवर चाकं बसवायचे दोन जोड पडले होते.

"आस न्हाईच ओ अण्णा. ही बिनआसाची हाय."

"बिनआसाची? आरं दिनकर, बिनबुडाचा तांब्या ऐकला हुता, बिनआसाची गाडी जल्मात ऐकली न्हाई." त्यांनी उकिडवं बसून एक जोड उलटापालटा करून पाहिला. आखूड लोखंडी हात, एका टोकाला चाक बसवायचा हब, दुसऱ्या टोकाला जाड रबराची गादी. "आनि हे काय? बेंडकाचं पाय हायती व्हय?"

आम्ही लोहार. तासगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं शेड. माझे वडील, नाना लोहार, ज्यांना सगळा मुलूख अण्णा म्हणायचा, ते आसाचे, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, कारागीर होते. ऊस ओढणाऱ्या ट्रॉलीखाली त्यांनी घातलेला आस ट्रॉली भंगारात गेली तरी काढून दुसरीला लावत. पण त्या दिवशी ते शेडमधे आले होते ते कित्येक वर्षांनी. एका ट्रॉलीनंतर त्यांनी ट्रॉलीच्या कामातून कायमचा हात आखडता घेतला होता. मग विळे शेवटून धार लावून दे, तराजूची पारडी कर, कुणाच्या दाराचं गेट कर, असलं ते घरामागच्या भात्यावर बसून करायचे. ट्रॉलीचं सगळं काम माझ्यावर आलं.

"आस लावला की फळी आसाच्या वर जाती," मी समजावून सांगायला लागलो. "गुडघ्याएवढी उंच. तिला मागं उतरती फळी लावली तर घसरगुंडी हुती. ह्यात मधे आडवा आसच न्हाई. एकेक चाक चासीला बाजूनं आपलं आपलं लटकणार, फळी खाली चाकांच्या मधे बसणार. जमिनीपासनं वीतभर बी न्हाई."

"एवढी खाली कशाला पायजे? कोंबड्या न्यायच्यात?"

"अक्कासाठी करतोय."

अण्णांच्या हातातला जोड हळूच खाली गेला. ते उठले, धोतर झटकलं, आणि चपला घालून निघून गेले. चला, झालं, म्हटलं मी. आता गाडी पुरी होईस्तोवर हे तोंड दाखवत नाहीत.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अंजिरा. पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली होती. अण्णांनी घडवलेली एक नवी ट्रॉली गाळपासाठी निघाली, त्यात ती बसली, आणि कालव्याच्या वळणावर आस मोडून ट्रॉली पालथी झाली. कमरेखालचं सगळं गेलं. मी तेव्हा सांगलीला आयटीआयला होतो. आलो तेव्हा दवाखान्यात ती सगळ्यांना सांगत होती, "कुणाला बोल लावू नगा. मीच हट्टानं चढले हुते." चढलीही असेल. लहानपणापासून नव्या ट्रॉलीचं वेडच होतं तिला. आमच्याकडं रीत अशी की नवी ट्रॉली पहिल्यांदा रिकामी पाठवायची नाही, घडवणाऱ्यानं स्वतः बसून पहिली खेप करायची. आपल्या हातावर आपला भरवसा आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं. अण्णा बसायचे आणि ही त्यांच्या धोतराचा सोगा धरून शेजारी. आई ओरडायची, "पोरीची जात, ट्रॉलीत कसली बसतीया!" ऐकतंय कोण.

दाजींनी तिला टाकली नाही. माळेवाडीत त्यांची थोडी जमीन, एक छोटा ट्रॅक्टर. सकाळी ते तिला खाटेवरून दोन्ही हातांवर उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवत, मग ती दिवसभर घर हाताखाली घालायची. पण घराबाहेर म्हणून जायची नाही. एकदा नणंदेच्या लग्नाला जीपमधे घातली होती. जीप उंच, दाजी एकटे पुरेनात, दोन परके गडी काखेत हात घालून उचलायला लागले, लुगडं कुठल्या कुठं, आणि वऱ्हाड उभं राहून बघतंय. त्या दिवशी ती म्हणाली, "आता ह्या घरातनं मी चार खांद्यावरच जाईन. जितेपणी मला चारचौघांत कुणी उचलायचं न्हाई." तेव्हापासून ती माहेरी आली नाही. आई जाऊन भेटून यायची. अण्णा कधीच गेले नाहीत.

आणि आता आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी, आवडतं ते खाऊ घाला, असं सांगून घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते समजायचं. दिसायला कमी आलेलं, जीभ जड झालेली, पण एकच जप: "अंजीला ह्या दारातनं आत येताना बघू द्या मला. मग काय बी हू दे." आईला माळेवाडीला हलवायची सोय नव्हती. अक्काला उचलायची सोय नव्हती. पुण्याला जुन्या बाजारात एका मोडक्या, घोडे वाहायच्या गाडीखाली मी हे जोड बघितले आणि डोक्यात आलं, की अक्का खुर्चीसकट आपल्या हातानं आत जाईल अशी गाडी केली तर? दाजींकरवी विचारलं. निरोप आला: "मला कुणी हात लावणार नसंल तर येते."

दुसऱ्या दिवशी शेड उघडलं तर अण्णा चासीपाशी बसलेले. हातात खडू.

"चाकं कुठं धरणार हायस?" मला न बघताच त्यांनी विचारलं.

"मधापासनं जरा मागं."

"जरा म्हंजे? मेथीची भाजी घेतूस का काय, जरा मागं, जरा पुढं? चाकं फार पुढं धरलीस तर मागनं चढताना गाडी शेपटीवर बसंल, फुडचा दांडा आभाळाला. फार मागं धरलीस तर सगळं वजन हुकावर. आधी तोल काढ. पाइप आण."

आम्ही चासी खाली उतरवून एका गोल पाइपवर आडवी तोलली, पोरं खेळतात त्या सी-सॉसारखी. त्यावर फळ्या टाकल्या. मागून आत आल्यावर खुर्ची जिथं उभी राहील तिथं एक लोखंडी खुर्ची ठेवली. अण्णांनी वाळूचं पोतं भरायला घेतलं. फावड्यानं भरत होते, थांबत होते, हातानं उचलून बघत होते, परत भरत होते. एक पोतं भरलं, वर अजून अर्धं. "एवढी आसंल," ते म्हणाले. "अंगानं भरलेलीच हाय ती पहिल्यापासनं. आईवर गेलीया."

खुर्चीवर पोती ठेवली. चासी पाइपवर मागं-पुढं सरकवत तोल सापडला, तिथं अण्णांनी चासीच्या लोखंडी चॅनलवर खडूनं रेघ ओढली. त्याच्या थोडं मागं चाकं धरायची, म्हणजे पुढचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकावर बेताचा दाबून राहतो. मी भोकं पाडायला ड्रिल जोडतोय तोवर दाजी आले. गाडी कुठवर आली बघायला.

दाजी म्हणजे मुलखाचे अबोल. त्यांनी चासी बघितली, रेघ बघितली, खुर्चीवरची पोती बघितली.

"हे काय हो मामा?"

"अंजी," अण्णा म्हणाले. "तिच्या वजनावर तोल काढलाय."

दाजींनी वाकून दोन्ही पोती मिळून दोन्ही हातांवर उचलली, रोज सकाळी तिला उचलतात तशी छातीशी धरली, आणि मान हलवली. "लई जड झालं." त्यांनी वरचं अर्धं पोतं बाजूला ठेवलं. उरलेलं परत उचललं. परत मान हलवली. मग पोत्याचं तोंड सोडलं आणि वाळू ओतायला लागले. थोडी ओतायची, उचलून बघायचं, परत ओतायची. अण्णा बघत होते. वाळूचा ढीग वाढत गेला आणि पोतं खंगत गेलं, आणि मला वाटलं आता तरी हा माणूस थांबेल. शेवटी त्यांनी ते एका हातावर डोकं, एका हातावर पाय असावेत तसं धरलं, क्षणभर डोळे मिटले.

"हं. एवढी हाय," म्हणाले, आणि पोतं हळूच, पदर सावरून ठेवावा तसं, खुर्चीत ठेवलं.

तोल परत काढावा लागला. मागचं वजन कमी झालं म्हणून तो पुढं सरकला. अण्णांनी दुसरी रेघ ओढली. पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चांगलं वीतभर अंतर पडलं. अण्णा त्या दोन रेघांकडं बघत बसून राहिले. त्यांची लेक एवढी संपली होती आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. मी पहिली रेघ पुसायला फडकं घेतलं तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे."

मी फडकं खाली ठेवलं.

मग मात्र म्हातारा इरेला पेटला. आस असला की दोन्ही चाकं एकाच लोखंडात अडकलेली असतात, एक सरळ तर दुसरं आपोआप सरळ. इथं तसं नाही. "आस म्हंजे दोन चाकांचं लगीन," अण्णा म्हणाले. "हितं लगीनच न्हाई. चासी वाकडी तर दोघं रुसल्यावानी दोन दिशेला तोंडं करून पळतील आनि टायर खातील." म्हणून आधी दोन्ही जोडांच्या मधे चासीला खालून दणकट आडवी पट्टी घातली. मग जोड बाजूला लावून बोल्ट नुसते हातानं फिरवले, आणि पुढच्या हुकाच्या पिनेपासून एकेका हबपर्यंत तिरकी मापं घेतली. पिनेवर टेपचं टोक अण्णा धरायचे, हबपाशी मी. डावं माप बोटभर जास्त आलं. सैल कर, ठोक, परत धर. आता उजवं जास्त. परत सैल कर. असं किती वेळा केलं त्याला गणती नाही.

"अण्णा, आता सुताएवढाच फरक हाय. चालंल की. ऊस थोडाच न्यायचाय?"

"ऊस आसता तर चाललं आसतं," ते म्हणाले. "धर टेप."

दोन्ही मापं तंतोतंत जुळली तेव्हा मी वेल्डिंगची तार घेतली, बोल्टाच्या जोडीला एक डाग दिला की कायमचा निवांत, म्हणून. अण्णा एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला.

"डाग द्यायचा न्हाई! बोल्टच ऱ्हाऊ देत. बोल्ट सैल झाला तर डोळ्याला दिसतोय. डागात काय दडलंय ते द्येवाला बी दिसत न्हाई."

त्या मोडलेल्या आसाला डाग दिलेला होता, हे मला ठाऊक होतं. मी तार ठेवून दिली.

घरी आईचं अन्न तुटलं होतं. चमच्यानं पाणी तेवढं जायचं. माझी बायको मला दारातच गाठून म्हणाली, "रंग-बिंग ऱ्हाऊ द्या आता. आनायचं आसंल तर उद्या आना." दारात बघतो तर उंबऱ्यावर दोन्ही बाजूंनी उतरती केलेली एक जाड लोखंडी पाटी बसवलेली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत. ती अण्णांनी आम्ही तोल काढायच्या आधीच करून ठेवली होती म्हणे, बसवली आज. त्या दिवशी चपला घालून शेडमधून गेले ते हेच करायला.

सकाळी दाजी ट्रॅक्टर घेऊन आले. गाडी हुकाला लावली, चाकांना नारळ फोडला. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो. बघतो तर अण्णा मागं गाडीत चढून, जिथं खुर्ची राहणार बरोब्बर तिथं, फळीवर मांडी घालून बसलेले. स्वच्छ धुतलेलं धोतर, टोपी.

"अण्णा, हिकडं या वर. धूळ खाशीला सगळी."

"पहिली खेप हाय. रिकामी न्यायची न्हाई."

"मग मी बसतो की. गाडी मी केलीया."

"तू टेप धरलास," ते म्हणाले. "पावणं, चला."

गाडी चालायला मात्र लोण्यासारखी. खड्डा आला की एक चाक आपलं आपलं खाली जायचं, वर यायचं, फळी जागची हलायची नाही. मी मागं वळून वळून बघत होतो. अण्णा कुठंच बघत नव्हते, फक्त चाकांचा आवाज ऐकत होते. कालव्याचं वळण आलं तसं ते म्हणाले, "थांबीवा."

दाजींनी ट्रॅक्टर थांबवला. वळणावर बाभळ होती, खाली कालव्याला संथ पाणी. मला वाटलं त्यांना उतरायचंय. ते उतरले नाहीत.

"ती हट्टानं चढली न्हवती," अण्णा म्हणाले. पाण्याकडं बघूनच. "माझी जेवणाची भाकरी घेऊन आली हुती शेडवर. माझ्याम्होरं दुसरं गिऱ्हाईक बसलेलं. मी म्हनलं, अंजे, आज माझ्या जागी तू बस जा. ती हासत चढली. म्हनली, आता मी घडवनारी झाले का ओ अण्णा?" त्यांनी बसल्या जागची फळी चाचपली. "माझी पाळी हुती रं दिनकर. माझ्या पाळीला मी पोरगी बसवली. आनि तिनं दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, मीच चढले. मी तितं उभा हुतो. मी गप बसलो. मग कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या म्होरं?"

दाजींनी स्टिअरिंगवरचा हातही काढला नाही.

"मला ठावं हाय मामा," ते म्हणाले. "तिनं कवाच सांगितलंय. बसा नीट. वळण हाय."

आणि त्यांनी ट्रॅक्टर पुढं काढला.

माळेवाडीत अक्का अंगणात येऊन बसली होती. हिरवं इरकली लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. खरंच, एवढीशी झाली होती. खुर्ची तिला मोठी होत होती. तिनं आधी गाडी बघितली आणि मग गाडीत बसलेले अण्णा. ते उतरायला लागले तर पाय आखडलेले, उतरता येईना, मी हात दिला. गाडीशेजारी उभे राहिले. मान खाली.

किती वर्षांनी बापलेक समोरासमोर आले होते. मला वाटलं आता रडारड होणार.

"पहिली खेप झाली तुमची?" अक्कानं विचारलं.

"झाली."

"वाजली कुटं?"

"न्हाई."

"मग व्हा बाजूला. आता माझी."

तिनं दोन्ही चाकांना हात घातला. मागची फळी उतरती सोडली होती. मी नकळत पुढं झालो, तिनं नुसतं बघितलं आणि मी मागं सरलो. दंडाच्या शिरा फुगल्या, एकदा खुर्ची मागं घसरली, परत जोर केला, आणि सरळ आत जाऊन, अण्णा बसले होते तिथंच थांबली. पुढचा दांडा हुकावर जागच्या जागी. गाडी तसूभर हलली नाही.

येताना अण्णा गाडीत बसले नाहीत, ट्रॅक्टरवर बसले. कालव्याच्या वळणापाशी ते उतरून गाडीच्या बाजूनं चालत राहिले, एक हात तिच्या कठड्यावर, आणि वळण संपल्यावरही तसेच चालत राहिले. दाजींनी ट्रॅक्टर पावलाच्या चालीनं चालवला. माणसं रस्त्यात थांबून बघत होती. अक्का ताठ बसली होती.

आमच्या दारात आळीतल्या बायका जमल्या होत्या. गाडीतून ती एकटीच उतरली. "ये गं माझी बाय," म्हणत शेजारची पारूकाकी खुर्ची ढकलायला आली, तिला अक्कानं हातानंच थांबवलं. अंगण ओलांडलं. लोखंडी पाटीवर चाकं चढली, उंबरा आला आणि गेला. आम्ही सगळे दारातच मागं थांबलो. आईची खाट समोर भिंतीला, तोंड दाराकडं. आत अंधार, दारात ऊन. आईला त्या उन्हात काय दिसलं असेल ते एक तिलाच ठाऊक. कुणी धरलेलं नाही, कुणी उचललेलं नाही, आपली लेक आपोआप आत येतीय, एवढं दिसलं असेल.

"कोन गं? अंजी?"

"व्हय आई. मी."

"चालत आलीस?"

अक्काचे हात चाकांवर थांबले. तिनं मागं वळून एकदा अण्णांकडं बघितलं.

"व्हय आई," ती म्हणाली. "चालत आले."

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ती उठून बसायला धडपडली. "बघा ओ! मी म्हनत हुते का न्हाई? पोरगी चालत आली माझी!" मग हात पुढं करून तिनं अक्काचं तोंड चाचपलं, गाल, कपाळ, केस, आणि रुसल्या आवाजात म्हणाली, "मग चालता येतंय तर इतकी वर्सं का गं आली न्हाईस मला भेटाया?"

अक्कानं आईचा हात आपल्या गालाशी धरून ठेवला. बायकांनी पदर तोंडाला लावले. आई वाट बघत होती.

तेव्हा अण्णा आत आले. खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"तिचा कायबी दोष न्हाई," ते म्हणाले. "माझीच पाळी हुती. मी गेलो न्हाई."

आईला त्यातलं काय कळलं देव जाणे. "मग आता तरी आलासा न्हवं," ती म्हणाली, आणि उशीला टेकली. अक्कानं तिच्याकडं बघत बघतच एक हात मागं केला आणि अण्णांच्या धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला. आई जाईपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, ती तिथनं हलली नाही.